बाराखडीची कवायत

प्राथमिक शाळेत रोजची शारीरिक हालचाल कशी आणायची, असा प्रश्न निघाला की आपल्याकडे बहुधा मैदानाकडे बोट दाखवले जाते. शनिवारच्या सकाळच्या शाळेतील सामूहिक कवायत, स्वातंत्र्यदिनाच्या तोंडावर बाहेर निघणारी लेझीम आणि केंद्रस्तरीय स्पर्धांसाठी निवडलेल्या मोजक्या मुलांचा कबड्डी-खोखोचा सराव एवढ्यावर शारीरिक शिक्षणाची बोळवण होते, आणि उरलेला आठवडा मूल पट्टीवर मांडी घालून काढते. या लेखात ‘वर्गातील हालचाल’ ही संज्ञा याहून वेगळ्या अर्थाने घेतली आहे: नेहमीच्या तासिकेत, नेहमीच्याच खोलीत, वर्गातील सर्व मुलांनी एकाच वेळी आणि रोज केलेली, श्वासाची गती वाढवणारी हालचाल. विवेचनाचा आधार प्रस्तुत लेखिकेचा पाटण तालुक्यातील, कोयनेच्या खोऱ्यातील एका द्विशिक्षकी शाळेतील अनुभव हा आहे. द्विशिक्षकी शाळा म्हणजे जिथे पहिली ते चौथीचे चार वर्ग दोन शिक्षक सांभाळतात आणि एका खोलीत दोन इयत्ता शेजारी शेजारी बसतात, अशी शाळा. या खोऱ्यात जूनच्या मध्याला शाळा उघडते तेव्हा पाऊसही उघडपणे ठाण मांडतो, सप्टेंबर सरेपर्यंत मैदानावर चिखलाखेरीज काही नसते, आणि त्यामुळे मैदानावर विसंबलेली कोणतीही योजना वर्षाच्या पहिल्या सत्रात आपोआप बाद होते. वर्गाच्या चार भिंतींत काही करता येईल का, हा विचार तेथे शैक्षणिक तत्त्वज्ञानातून नव्हे, तर पावसामुळे सुरू झाला.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार 5 ते 17 वर्षे वयाच्या मुलांना दिवसाला सरासरी 60 मिनिटे मध्यम ते तीव्र स्वरूपाची हालचाल आवश्यक असते. मध्यम हालचालीत माणसाला बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, आणि तीव्र हालचालीत दोन-चार शब्दांनंतर दम घ्यावा लागतो, अशी तिची एक साधी ओळख सांगितली जाते. उपकरणे नसलेल्या शाळेत हीच कसोटी उपयोगी पडते. मात्र ही 60 मिनिटांची गोष्ट पालकसभेत मांडली तेव्हा पहिला आक्षेप आला तो असा: “बाई, पोरं डोंगर उतरून चालत येत्यात, त्यास्नी आणि कसला व्यायाम?” हा आक्षेप झटकून टाकण्याजोगा नव्हता. वरच्या वाड्यांतून येणारी मुले खरोखरच शहरातील मुलांपेक्षा जास्त चालतात, आणि त्यांच्या बाबतीत लठ्ठपणाचा बागुलबुवा दाखवणे हास्यास्पद ठरले असते. परंतु प्रश्न दिवसभराच्या एकूण हालचालीचा नव्हता, तर साडेदहा ते पाच या वेळातील बसण्याचा होता. सहा-सात वर्षांचे मूल, जे घरी सलग दहा मिनिटे एका जागी बसत नाही, त्याने शाळेत तासन्‌तास बसावे अशी अपेक्षा असते, आणि ते चुळबुळ करू लागले की त्या चुळबुळीची नोंद बेशिस्त म्हणून होते.

मराठी शिक्षणविचाराला ही अडचण नवीन नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीत आणि पुढे कोसबाडला जे काम उभे केले, त्यात आदिवासी मुलांच्या हिंडण्याफिरण्याला शिक्षणाबाहेर न ठेवता शिक्षणाच्या आत घेतले होते. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच भरणारी शाळा हे त्याचे टोकाचे आणि सुंदर रूप होते. खेद याचा की हा विचार आपण बालवाडीपुरता मान्य केला. बालवाडीत मूल अभिनयगीते म्हणत नाचते आणि ते शिक्षण ठरते. तेच मूल जूनमध्ये पहिलीत बसले की नाचणे हा व्यत्यय होतो. दोन महिन्यांच्या सुट्टीत मुलाच्या शरीरात असा कोणता बदल घडतो, हे अभ्यासक्रम ठरवणारेच जाणोत.

वेळेचा हिशेब हा दुसरा अडसर. शिक्षणहक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान 200 दिवस आणि 800 तास अध्यापन ठरवून दिले आहे. त्यातून रोजची 20 मिनिटे हालचालीसाठी बाजूला काढली तर वर्षाकाठी 4,000 मिनिटे, म्हणजे सुमारे 67 तास, म्हणजेच एकूण अध्यापनवेळेचा बारावा भाग खर्ची पडतो. वाचन-लेखनाच्या मूलभूत क्षमतांची चाचणी डोक्यावर असताना कोणताही शिक्षक हा बारावा भाग मनापासून सोडणार नाही, आणि वरून आदेश आला तर कागदावर सोडेल. कॅनडातील ओंटारिओ प्रांताचा अनुभव या संदर्भात बोलका आहे. तेथे 2005 मध्ये पहिली ते आठवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शाळेच्या अध्यापनवेळेत रोज किमान 20 मिनिटे हालचाल मिळावी असा नियम झाला, पण 2013 च्या महालेखापरीक्षकांच्या अहवालात या नियमाच्या अंमलबजावणीवर पुरेशी देखरेखच होत नसल्याचे नमूद झाले. ज्या प्रांतात प्रत्येक शाळेला व्यायामगृह असणे ही विशेष गोष्ट नाही, तेथे ही अवस्था, तर दोन खोल्यांच्या शाळेत वेगळ्या 20 मिनिटांचे काय होईल हे सांगायला ज्योतिषी नको.

म्हणून प्रस्तुत लेखिकेने हालचालीला वेगळी तासिका न देता ती पाठाच्या आतच बसवण्याचा मार्ग धरला, आणि त्याची सुरुवात बाराखडीपासून झाली. रचना साधी होती. ‘क’ला सरळ उभे राहायचे. ‘का’ला उजवा हात ताठ वर, कारण काना अक्षराच्या उजवीकडे उभा असतो. ‘कि’ला डावा हात डोक्यावरून कमानीसारखा वळवायचा आणि ‘की’ला उजवा, म्हणजे वेलांटी कोणत्या बाजूने उतरते हे हाताला कळते. ऱ्हस्व उकाराला अर्धी बैठक, दीर्घ उकाराला पूर्ण बैठक. एका मात्रेला एक उडी, दोन मात्रांना दोन. ‘को’ आणि ‘कौ’मध्ये काना असल्याने उजवा हात वर ठेवूनच उडी मारायची. अनुस्वाराला डोक्यावर टाळी, विसर्गाला समोर दोन टाळ्या. एका अक्षराच्या बाराखडीत अशा सहा उड्या आणि दोन बैठका होतात. पाच अक्षरांची बाराखडी एका दमात म्हटली की तीस उड्या आणि दहा बैठका पदरी पडतात आणि वेळ जातो जेमतेम पाच मिनिटे. चौथ्या अक्षराला मुलांचा सूर तुटू लागतो, शब्द येतात पण चाल लागत नाही. वर सांगितलेली बोलण्या-गाण्याची कसोटी तेथे कानांनीच लागते.

या रचनेत एक अडचण होती, जी कागदावर दिसत नाही. शिक्षिका मुलांकडे तोंड करून उभी राहिली की तिचा डावा हात मुलांच्या उजव्या बाजूला दिसतो, मुले आरशात पाहिल्यासारखी नक्कल करतात, आणि ऱ्हस्व-दीर्घाची नेमकी उलटापालट होते. त्यामुळे शिक्षिकेने फळ्याकडे तोंड करून, म्हणजे वर्गाकडे पाठ करून कवायत घ्यायची असा रिवाज पडला, जो अध्यापनाच्या सर्व रूढ संकेतांच्या विरुद्ध आहे. या पाठमोऱ्या कवायतीचा फायदा पुढे शुद्धलेखनात दिसला. एखाद्या मुलाने पाटीवर ‘पाणि’ लिहिले तर शिक्षिकेने काही न बोलता उजवा हात डोक्यावरून वळवायचा. मूल क्षणभर पाहते, स्वतःचा हात किंचित हलवते आणि वेलांटी पुसून दुसऱ्या बाजूला काढते. याने सगळ्यांचे शुद्धलेखन सुधारले असा दावा येथे नाही. परंतु ‘पहिली वेलांटी, दुसरी वेलांटी’ हे शब्द ज्या मुलांच्या डोक्यात महिनोन्‌महिने ठरत नव्हते, त्यांच्यापैकी काहींना हाताची खूण लवकर सापडली, एवढे निश्चित म्हणता येते.

गणितात सुरुवातीचा प्रयोग संख्यारेषेचा होता, आणि तो दिसायला देखणा असला तरी हालचालीच्या दृष्टीने फसवा होता. शहाबादी फरशीवर खडूने शून्य ते वीस अंक लिहिले, एका फरशीवर एक अंक. सात अधिक पाच करायचे तर सातवर उभे राहून पाच उड्या पुढे, वजाबाकी असेल तर मागे. भेटीला आलेल्या अधिकाऱ्यांना हे फार आवडते, त्याचे छायाचित्रही छान येते. पण त्या छायाचित्रात नीट पाहिले तर एक मूल उडत असते आणि बाकीचा वर्ग बसून पाहत असतो. हालचालीचे बहुसंख्य शैक्षणिक खेळ याच ठिकाणी अडतात: पाळी येण्याची वाट पाहणे हा त्यांचा मुख्य भाग असतो. त्यामुळे संख्यारेषा संकल्पना समजावण्यापुरती राहिली आणि रोजच्या सरावासाठी पाढे आले. तिनाच्या पाढ्याला सर्वांनी जागेवर चालत एक, दोन पुटपुटायचे आणि तीनला मोठ्याने उच्चार करून उडी मारायची. पुन्हा चार, पाच पुटपुटायचे आणि सहाला उडी. तिसरी-चौथीची मुले हेच विभाज्यतेच्या कसोटीसाठी वापरतात, आणि दोन पाढे एकत्र घेतले, तिनाला उडी व चाराला टाळी, तर बाराला उडी-टाळी एकदमच येते. ‘सामाईक विभाज्य’ ही संज्ञा, म्हणजे दोन्ही संख्यांनी निःशेष भाग जाणारी संख्या, मुलांना त्या एकदम आलेल्या उडी-टाळीवरून सांगता येते.

वेळापत्रकात जागा ठरवताना पोषण आहाराचा विचार करावाच लागतो. खिचडीनंतरच्या पहिल्या अर्ध्या तासात उड्या मारायला लावणे मुलांच्या पोटावर अन्याय आहे. तेव्हा खांदे-मान ताणण्याचे बैठे प्रकार पुरतात. खरी गरज दुपारी साडेतीनच्या सुमारास असते, जेव्हा वर्ग पेंगू लागतो. आवाजाचा प्रश्न मात्र सहजी सुटला नाही. दोन खोल्यांच्या मधल्या दारातून एका वर्गाच्या उड्या दुसऱ्या वर्गाच्या वाचनावर आदळत, आणि अखेर दोन्ही खोल्यांत एकाच वेळी, घंटेच्या टोल्यावर कवायत घेणे हाच तोडगा निघाला. सहकारी गुरुजी गुडघ्यांच्या दुखण्यामुळे खुर्चीत बसून केवळ हातांच्या खुणा करीत, आणि त्यांच्या वर्गातील मुलांच्या उड्याही हळूहळू हातांपुरत्या उरत. ही गोष्ट त्यांच्यापुरती नव्हती. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात 24 प्राथमिक शाळांमध्ये तीन वर्षे चाललेल्या एका अभ्यासात, पाठांतून आठवड्याला 90 मिनिटे हालचाल देण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा ज्या वर्गांत शिक्षक स्वतः सहभागी होत, तेथे मुलांची हालचालही अधिक जोमदार आढळली. म्हणजे हालचालीचे खरे साधन मैदान किंवा साहित्य नसून शिक्षकाचे शरीर आहे, आणि पाचवारी साडीत रोज पूर्ण बैठका कशा माराव्यात याचा विचार कोणत्याही परिपत्रकात आढळत नाही.

परिणामांबद्दल बोलताना सावध राहणे भाग आहे. या विषयावरील संशोधनात सर्वाधिक सातत्याने दिसणारा लाभ म्हणजे हालचालीनंतरच्या काही काळात मुलांचे कामावर टिकणारे लक्ष. गुणांत वाढ होते की नाही याबाबत निष्कर्ष संमिश्र आहेत, आणि थोड्या मिनिटांच्या वर्गकवायतीने वजनात मोठा फरक पडेल अशी आशा धरू नये. पाटणच्या शाळेतही साडेतीननंतरचा तास मुलांना आणि शिक्षकांना सुसह्य झाला, यापलीकडे मोठा निष्कर्ष काढता येत नाही. प्राथमिक शिक्षणाच्या धोरणांत मात्र ‘सुसह्य’ या गोष्टीला किंमत नसते, म्हणून अशा उपक्रमांवर नेहमीच बुद्ध्यांक, गुणवत्ता आणि सर्वांगीण विकास यांची झूल चढवली जाते.

प्रस्तुत लेखिकेची बदली झाल्यानंतर त्या शाळेत काय टिकले, हे नंतर तेथे रुजू झालेल्या शिक्षकांशी झालेल्या बोलण्यातून कळले. पाठांतल्या हालचालीच्या जोडीला ठेवलेले परिपाठानंतरचे ताण देण्याचे प्रकार आणि दुपारचे स्वतंत्र व्यायाम, जे टाचणवहीत ‘शारीरिक शिक्षण’ या शीर्षकाखाली नोंदवले जात, ते पहिल्याच सत्रपरीक्षेच्या गडबडीत बंद पडले आणि पुन्हा सुरू झाले नाहीत. बाराखडी आणि उडीचे पाढे चालू राहिले, कारण त्यांची नोंद भाषा आणि गणित म्हणून होती आणि त्यांच्यासाठी कोणाकडे वेळ मागावा लागत नव्हता. नवे शिक्षक बाराखडी मुलांकडे तोंड करूनच घेतात, मात्र स्वतःचे हात उलटे वापरतात. मुलांना उजवे तेच दिसावे म्हणून त्यांनी डाव्या हाताने ‘की’ काढण्याची सवय लावून घेतली आहे.