‘चुकलो’ हा एक शब्द

‘चुकलो’ हा मराठीतला तीन अक्षरांचा शब्द. उच्चारायला सोपा, पण ओठांवर यायला कधी कधी सारा जन्म जातो.

आमच्या येडशीत देवापुढे चूक कबूल करायला कोणी लाजत नाही. श्रावणात रामलिंगाच्या देवळात माणसे नाक घासतात, कान धरतात. पण ज्याचे वाईट केले त्या माणसापुढे कान धरताना मी फारसे कोणाला पाहिले नाही. ग्रंथालयातून पंडिता रमाबाईंचे चरित्र आणले, मग नवा करार वाचला, तेव्हा हा फरक मला प्रथम जाणवला.

पश्चात्ताप आपल्याला परका नाही. संतांच्या अभंगांत तो पानोपानी आहे. ख्रिस्ती जीवनात मात्र पाप तोंडाने बोलून दाखवण्याला मोठे स्थान आहे. रोमन कॅथलिक भाविक धर्मगुरूच्या कानात ते सांगतो. गोव्यात त्याला ‘कुमसार’ म्हणतात. ऐकलेले कोणालाही न सांगण्याचे बंधन धर्मगुरूवर असते. इतर पंथांत प्रार्थनेत, क्वचित भर सभेतही कबुली देतात.

येडशीहून कुर्डुवाडीला जाऊन पुण्याची गाडी धरली, की दौंडच्या पुढे केडगाव लागते. तेथे रमाबाईंचे मुक्तिसदन आहे. १९०५ च्या जूनमध्ये तेथे प्रार्थनेच्या वेळी मुली रडू लागल्या, आपापली पापे उघड बोलू लागल्या. त्यांत दुष्काळातून वाचवून आणलेल्या पुष्कळ जणी होत्या. ज्यांच्यावर जगानेच अन्याय केला, त्यांनी स्वतःचे दोष शोधावेत याचे मला नवल वाटले. खुद्द रमाबाई केवढ्या विदुषी! १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘सरस्वती’ ही पदवी दिली. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तरीही १९०७ च्या आपल्या साक्षीत त्या कबूल करतात, की बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षे त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता. आमच्या घरात कॉलेजात आलेली मी पहिलीच. शिकलेल्या माणसाला शब्द पुष्कळ मिळतात, चूक झाकणारेही. रमाबाईंनी ते उघडे करण्यासाठी वापरले.

पण नुसते रडून पश्चात्ताप पुरा होत नाही. लूकच्या शुभवर्तमानात जक्कय नावाचा श्रीमंत जकातदार आहे. येशू त्याच्या घरी उतरला, तेव्हा तो उभा राहिला आणि म्हणाला, की अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याला लुबाडले त्याला चौपट परत करतो. कबुली आणि भरपाई एकाच दमात!

ही गोष्ट वाचताना मला आमचे रान आठवले. आजोबांच्या धाकट्या भावाने बांध कोरून आमच्या रानाचा एक पट्टा आपल्याकडे घेतला होता. बोलणे तुटले, लग्नकार्यालाही येणेजाणे राहिले नाही. आजोबा वारले. त्यानंतरच्या उन्हाळ्यात धाकट्या आजोबांनी एकट्याने कुदळ-फावडे घेऊन बांध मूळ जागी नेला. कोणाला काही सांगितले नाही. रात्री जेवताना अण्णा एवढेच म्हणाले, “रान आलं माघारी. पर म्हातारा असताना एक शबुद बोलला असता तर...” पुढे त्यांना घास गेला नाही.

भरपाईवाचून शब्द पोकळ असतो, हे खरे. पण शब्दावाचून केलेली भरपाईही अपुरी पडते, आणि ऐकणारा गेल्यावर तर ती पुरी करताच येत नाही.

धाकटे आजोबा अजून आहेत. रोज सकाळी मान खाली घालून त्याच बांधावरून जातात. अण्णांना वाचता येत नाही, म्हणून परवा मी त्यांना उधळ्या पुत्राचा दाखला वाचून दाखवला. मुलगा अजून दूर असतानाच, त्याने तोंड उघडण्याआधी, बाप धावत गेला. अण्णांनी तेवढे वाक्य पुन्हा वाचायला सांगितले.