फक्त फॅमिलीसाठी

'अशी ही बनवाबनवी' मराठीतला सगळ्यात भारी विनोदी सिनेमा आहे की नाही, यावर मी कुणाशीही भांडायला तयार आहे. पण आधी एक गोष्ट मान्य करा. तो भाड्याच्या खोलीवरचा सिनेमा आहे.

मीम्समुळे आपण हे विसरलोय. धनंजय मानेंचा पत्ता विचारणारं मीम, इस्तंबूलच्या औषधाचे ते सत्तर रुपये, लिंबू कलरची साडी, हे सगळं इतकं फिरलंय की मूळ गोष्ट काय होती हेच डोक्यातून गेलंय. मूळ गोष्ट साधी आहे. पुण्यात चार तरुण मुलं, खिशात पैसे बेताचे. सरपोतदारांची जागा सुटलेली. लीलाबाई काळभोरांकडे जागा आहे, पण ती फक्त जोडप्यांना. मग चौघांतले दोघं साडी नेसतात. बास. पुढे सुधीरची सुधा होते, परशाची पार्वती होते, पार्वतीचं डोहाळजेवणसुद्धा होतं, आणि हे सगळं कशासाठी? डोक्यावरचं छप्पर जाऊ नये म्हणून.

सिनेमा १९८८चा. सचिनचं दिग्दर्शन, वसंत सबनीसांचं लेखन. त्याच्याही आधी हृषीकेश मुखर्जींनी १९६६ साली 'बीवी और मकान'मध्ये हीच गोष्ट सांगून झाली होती. म्हणजे एकट्या मुलांना शहरात घर मिळत नाही, ही गोष्ट १९६६ला विनोदी होती, १९८८ला विनोदी होती आणि आज माझ्या फोनमध्ये 'ओन्ली फॅमिली' असं लिहिलेल्या जाहिरातींचे चाळीस स्क्रीनशॉट आहेत.

मी मूळची सोलापूरची. पुण्यात नऊ वर्षांत पाच घरं बदलली. पहिलं कॉट बेसिसवर, म्हणजे घर नाहीच, एक कॉट आणि अर्धं कपाट. नंतर फ्लॅट शेअरिंग. त्यामुळे असेल, मला आवडणाऱ्या सिनेमांची आणि सिरियल्सची यादी काढली की त्यात एक गंमत दिसते. जवळजवळ प्रत्येकात कुणीतरी राहायला जागा शोधतंय, आणि ती मिळावी म्हणून काहीतरी सोडतंय किंवा लपवतंय. लव्ह स्टोरी असते, गाणी असतात, पण माझं लक्ष असतं ते भाडं कोण भरतंय याकडे.

'घरोंदा' बघितलाय का? १९७७चा, भीमसेन यांचा. नसेल बघितला तर मी जे सांगणार आहे त्यात सगळे स्पॉयलर आहेत, पण सिनेमा जवळपास पन्नास वर्षं जुना आहे, आता काय. अमोल पालेकर आणि झरीना वहाब एकाच ऑफिसात काम करतात. प्रेम आहे, लग्न करायचंय, पण तो तीन-चार जणांबरोबर एका खोलीत राहतो आणि ती भाऊ-वहिनीच्या छोट्या घरात. दोघं पैसे साठवून फ्लॅट बुक करतात. बिल्डर पैसे घेऊन पसार होतो. इथपर्यंत आपल्याला कुणाच्या ना कुणाच्या काकांची गोष्ट आठवते. पण पुढे जे होतं ते बघून मी लॅपटॉप बंद करून गॅलरीत जाऊन उभी राहिले होते. ऑफिसचा मालक, म्हणजे डॉ. श्रीराम लागू, तिला लग्नाची मागणी घालतो. तो वयाने मोठा, श्रीमंत आणि हृदयविकाराचा पेशंट. आणि आपला गोड, मध्यमवर्गीय, सगळ्यांचा लाडका अमोल पालेकर तिला म्हणतो, कर लग्न. म्हातारा फार दिवस जगणार नाही. मग सगळं आपलंच.

'छोटी सी बात'मधला तोच चेहरा हे बोलतो म्हणून ते जास्त लागतं. खलनायकाने म्हटलं असतं तर आपण सुटलो असतो. आणि लागूंनी केलेला तो मालक वाईट माणूस नाही, ही तर आणखी पंचाईत. ती त्याच्या घरात जाते आणि हळूहळू खरोखरच त्याची होते. सिनेमा उत्तरार्धात मवाळ होतो असं काहींना वाटतं. मला नाही वाटत. उलट मला तो भाग सगळ्यात कठोर वाटतो. घरासाठी प्रेम गहाण टाकायला निघालेल्या माणसाला घर मिळत नाहीच, आणि सोडवून घ्यायला जातो तेव्हा प्रेमही तिथे नसतं.

ज्यांच्याकडे घर आहे त्यांचं तरी बरं चाललंय का? राजा ठाकूरांचा 'मुंबईचा जावई' १९७०चा, त्याच्यावरून बासू चॅटर्जींनी १९७२ला केलेला 'पिया का घर', आणि समीर विद्वांसचा 'डबल सीट' २०१५चा. पंचेचाळीस वर्षांत तीन सिनेमे, आणि अडचण तीच, की नवरा-बायकोला दार लावून घेता येईल अशी एक खोली पाहिजे. 'डबल सीट'मधली मुक्ता बर्वे मला फार आवडते, कारण तिला स्वतःचं घर हवं असणं हा हट्ट म्हणून दाखवलेला नाही. ती हिशोब करते. आपल्याकडे नायिका हिशोब करताना फार कमी दिसते.

आता 'फ्रेंड्स'. हो, मलापण आवडतं, आणि हो, त्यातले पुष्कळसे विनोद आता चालत नाहीत. पण मला त्यातलं सगळ्यात मोठं फँटसी वाटतं ते मोनिकाचं घर. न्यू यॉर्कमध्ये, ऐन मोक्याच्या जागी, एवढा मोठा हॉल! त्याचं उत्तर सिरियलमध्येच दिलेलं आहे, पण ते पटकन येऊन जातं म्हणून लक्षात राहत नाही. ते घर तिच्या आजीच्या नावावर आहे, भाडं जुन्या कायद्याने गोठलेलं आहे, आणि मोनिका आजीच्या नावावर तिथे नियमाबाहेर राहते आहे. चौथ्या सीझनमध्ये बिल्डिंगचा माणूस यावरूनच धमकी देतो. मुंबईत पागडीच्या घरात वाढलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही. तिकडेही १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने गोठलेली भाडी होती आणि कागदावर कधीच वारलेले आजोबा होते.

दुसरी गोष्ट म्हणजे त्या जांभळ्या भिंती. भाड्याच्या घराला जांभळा रंग! आमच्याकडे बाबांच्या बदल्यांमुळे लहानपणी चार भाड्याची घरं झाली आणि आईचा एकच नियम होता, भिंतीत खिळा ठोकायचा नाही. कॅलेंडर आधीच्या भाडेकरूने ठोकलेल्या खिळ्याला. तो खिळा स्वयंपाकघरात असेल तर कॅलेंडर स्वयंपाकघरात. बाबांना अभियांत्रिकीच्या कॉलेजात मिळालेलं एक फ्रेम केलेलं सर्टिफिकेट आहे, ते मी अठरा वर्षांची होईपर्यंत कपाटावर आडवं ठेवलेलं होतं. त्यामुळे शेवटच्या भागात सहाही जण आपापली किल्ली काढून ओट्यावर ठेवतात ना, तिथे सगळं जग मैत्रीसाठी रडतं. मी पण रडते. फक्त माझ्या डोक्यात त्याच वेळी चालू असतं की रंगाचे पैसे डिपॉझिटमधून किती कापले असतील.

'दिल दोस्ती दुनियादारी'ला मराठी 'फ्रेंड्स' म्हणून नाकं मुरडणारे खूप होते. मला ती सिरियल त्या तुलनेच्या पलीकडे आवडली, आणि त्याचं कारण आहे घराचं नाव. सहा परक्या मुलामुलींनी राहायच्या फ्लॅटला 'माजघर' म्हणायचं! गावाकडच्या घराचा आतला, घरच्यांचा भाग. २०१५ साली सोफ्यावर बसून आई-बाबांनी मुलं-मुली एका छताखाली राहताना बघितली आणि कुणी चॅनल बदललं नाही. पुढच्या वर्षी मी पुण्यात यायचं म्हटलं तेव्हा घरात फार वाद झाला नाही, याचं थोडं श्रेय मी रेश्मा आणि मंडळींना देते.

पण माजघरात कुणी कुणाला आडनाव विचारून खोली दिली नव्हती. तेवढं एक सिरियलमध्येच होतं.

माझी रूममेट फोनवर फक्त पहिलं नाव सांगते. नोकरी सांगते, पगार सांगते, व्हेज-नॉनव्हेज सांगते. मग पलीकडून प्रश्न येतो, आडनाव काय? ती सांगते. दोन सेकंद शांतता. 'मिस्टरांना विचारून कळवते हं.' मिस्टर कळवत नाहीत. दुसऱ्या दिवशी मी त्याच नंबरवर फोन करून माझं आडनाव सांगितलं की खोली रिकामी असते, आणि पाणी चोवीस तास असतं. गेली तीन वर्षं आमची पद्धत ठरलेली आहे. फोन मी करायचा, पहिल्यांदा बघायला मी जायचं, बोलणी मी करायची आणि तिने सह्यांच्या दिवशी उगवायचं. अकरा महिन्यांच्या त्या लिव्ह अँड लायसन्सच्या करारात तसंही आम्ही भाडेकरू नसतोच, नुसत्या परवानाधारक असतो.

एका रविवारी तिच्याबरोबर 'बनवाबनवी' परत बघितला. लक्ष्मीकांत बेर्डे साडी सावरत पळतो त्या सीनला दोघी लोळून हसलो. मग ती म्हणाली, "ह्यांचं बरं होतं यार. विग काढला की संपलं."

तेव्हापासून तो सिनेमा मी थोडा वेगळा बघते. कमी हसते असं नाही. लीलाबाई शेवटी या सगळ्यांना माफ करतात, ते मला आधी नुसतं गोड वाटायचं. आता तिथे मी थांबते. चौघांनी फसवलं हे कळल्यावरही ती बाई त्यांना आपलं म्हणते. मी आत्तापर्यंत ज्या घरमालकांना भेटले, त्यांतल्या कुणाच्या चेहऱ्यावर ते दृश्य बसवून बघते, बसत नाही.

भीतीदायक सिनेमा विचाराल तर माझ्यासाठी विक्रमादित्य मोटवानेचा 'ट्रॅप्ड'. २०१७ला थिएटरमध्ये बघितला होता. राजकुमार रावला प्रेयसीसाठी तातडीने घर हवं असतं, एक एजंट त्याला कोर्टकज्जात अडकलेल्या रिकाम्या टॉवरमध्ये, पार वरच्या मजल्यावर फ्लॅट देतो, आणि तो आतच अडकतो. लाइट नाही, पाणी नाही, खाली वॉचमनला ऐकू येत नाही. लोक त्याने कबुतरं खाल्ली त्यावर बोलत होते. मला भीती वाटली ती पहिल्या दहा मिनिटांत, जेव्हा तो एजंटला काहीच न विचारता पैसे देतो. कारण तिथे मीही काही विचारलं नसतं.

आमचा सध्याचा करार महिनाअखेरीस संपतोय. ब्रोकरच्या ग्रुपवर रोज वीस फोटो येतात आणि आम्ही रात्री जेवताना 'बनवाबनवी'च्या रिमेकची कास्टिंग करत बसतो. तिचं म्हणणं, धनंजय माने या वेळी बाई पाहिजे. अमेय वाघला कुठला रोल द्यायचा यावर दोन दिवस भांडण चालू आहे. सरपोतदार करायला हवे तेवढे लोक आहेत, ऑडिशनचीसुद्धा गरज नाही. लीलाबाईंच्या नावापुढची जागा मात्र अजून कोरी आहे. उद्या साडेसहाला कर्वेनगरला एक घर बघायला जायचंय, मालकीणबाई एकट्याच राहतात असं ब्रोकर म्हणाला. या वेळी ती म्हणतेय, दोघी मिळून जाऊ.