खारवलेलं गोश्त आणि कोबी

सातवीच्या वर्गात इंग्रजीच्या अवांतर वाचनात एका परक्या घरातलं जेवण आलं : कॉर्न्ड बीफ आणि कोबी, एकाच भांड्यात शिजवलेलं. एका मुलीनं विचारलं, "टीचर, मक्याचं गोश्त?" वर्ग हसला. मी सांगितलं, जुन्या इंग्रजीत कॉर्न म्हणजे कोणताही दाणा; इथं जाड्या मिठाचा. मीठ लावून टिकवलेलं गोश्त.

"मग दादी बकरी ईदनंतर दोरीवर वाळत घालते तेच की!" ती म्हणाली. शेजारणीनं तिला ढोसलं. ती गप्प झाली. मीही घाईनं पुढचा उतारा घेतला.

माझ्या माहेरी फ्रिज नव्हता. मोठ्या जनावरात सात हिस्से. आपल्या हिश्श्यातला एक भाग गरिबांना, एक नातेवाइकांना, एक घरी. घरचं उरलेलं अम्मी लांब पट्ट्यांत कापायची, मीठ-हळद चोळून उन्हात टांगायची. पुढं महिनाअखेरीला त्यातल्या मूठभर पट्ट्या आणि एक कोबी यांत सहा माणसं जेवायची.

त्या अमेरिकन जेवणाची गोष्टही अशीच गरिबांची आहे. आयर्लंडमध्ये कोबीबरोबर खारवलेलं डुकराचं मांस असे. एकोणिसाव्या शतकात न्यू यॉर्कला गेलेल्या आयरिश मजुरांना ज्यू खाटकांकडचं खारवलेलं बीफ परवडलं. आज 17 मार्चला, सेंट पॅट्रिकच्या सणाला, तिथं तेच शिजतं. एकाच्या सणाचं ताट दुसऱ्याच्या दुकानातून भरलं.

त्या संध्याकाळी कोपरला परतल्यावर ईदच्या उरलेल्या पट्ट्या काढल्या. कोमट पाण्यात भिजवल्या, खारट पाणी दोनदा ओतून दिलं. आलं-लसूण, मिरी, दालचिनी घालून कुकरला सहा शिट्ट्या. मग झाकण काढून बटाटे आणि कोबीच्या मोठ्या फोडी, मंद आचेवर. कोबी शेवटी, फार शिजला की उग्र वास सुटतो. मीठ चाखल्याशिवाय घालायचं नाही.

आणि सवयीनं खिडकी लावली.

गोश्त म्हशीचं होतं. 2015 साली महाराष्ट्रात बैल आणि वळूच्या कत्तलीवर बंदी आली, गायीवर आधीपासून होतीच. म्हैस त्या बंदीत नाही. हे मला पाठ आहे. तरी कोपर ते मुंब्रा या दोन स्टेशनांच्या प्रवासात माझ्या डब्यात भाजीच असते. वास कुणाला कायदा विचारून येत नाही.

दार वाजलं. शेजारच्या काकू, माहेर मराठवाड्यातलं. नाक वर करून म्हणाल्या, "चान्या टाकल्यास का गं?" मी गोंधळले. चान्या म्हणजे वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्या; शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात मी तो शब्द वाचला होता, कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता. "आमची आई करायची. इथं आल्यापासून कुणाला सांगितलं नाही," त्या म्हणाल्या. मग त्यांनीच खिडकी उघडली. "कोबी कोंडू नये बाई, घरभर वास राहतो."

जाताना वाटी घेऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी वर्गात त्या मुलीला उभं केलं. म्हटलं, "दादी गोश्त कसं वाळवते, सगळं सांग." ती आधी शेजारणीकडं बघत राहिली. मग बोलायला लागली आणि मी फळ्यावर लिहीत गेले.