दुसरा ‘टू’

इंग्रजीत दोन क्रियापदं ‘अँड’नं जोडली, की दुसऱ्याआधी पुन्हा ‘टू’ लावायचा की नाही, हा प्रश्न दोनच प्रकारच्या माणसांना पडतो. इंग्रजीचे मास्तर आणि बँकेतले कारकून. मास्तर फार तर अर्धा मार्क कापतात. आमच्याकडे त्याच्यावर पैसे निघतात.

मराठी माणसाला दुसऱ्या ‘टू’शिवाय चैन पडत नाही. त्यात त्याचा दोष नाही. ‘लिहायला-वाचायला’ म्हणताना आपल्याकडे प्रत्येक क्रियापदाला स्वतंत्र ‘आयला’ लागतं. (हे व्याकरणातलं. मंडईतलं निराळं.) इंग्रजांचं मात्र एका ‘टू’त भागतं, मिरच्या, आलं, कोथिंबीर सगळं एकाच पिशवीत. बहुतेक वेळा दुसरा ‘टू’ असला काय, नसला काय, अर्थ तोच. वाक्य लांबलं तर लावावा, म्हणजे वाचणाऱ्याला धाप लागत नाही.

पण बहुतेक वेळाच. महात्मा फुले मंडईतल्या एका मावशींचं आमच्याकडे खातं आहे. (ही मंडई १८८६ साली ‘रे मार्केट’ म्हणून उघडली. नगरपालिकेत असताना फुल्यांनी तिच्या खर्चाला विरोध केला होता. पुढे तिला नाव त्यांचंच मिळालं. पुण्यात विरोध वाया जात नाही.) मावशींचे गुडघे गेले. खातं मुलाच्या हाती द्यायचं, पण मुलाचा हात सैल.

“दादा, त्यानं भनीला इचारून पैसं काढावं, आसं लिवा.”

आता ‘विचारून’मधला तो ‘ऊन’ बघा. एकटा दोन कामांची मोट बांधतो, वर क्रमही लावून देतो. इंग्रजांना पुण्यात ऊन भरपूर लागलं, पण हे ‘ऊन’ काही त्यांनी नेलं नाही. मी आपलं लिहिलं, ‘टू आस्क हिज सिस्टर अँड विथड्रॉ मनी’. नवे साहेब बदलून आलेले, मराठीचा गंध नाही. त्यांनी लाल शाईनं ‘विथड्रॉ’आधी दुसरा ‘टू’ बसवला. व्याकरण शाबूत, पण परवानग्या दोन झाल्या: विचारायची एक, काढायची एक. मुलगा बहिणीला ‘पाऊस पडतोय का?’ एवढंच विचारून पैसे काढायला मोकळा!

मावशींना हे समजावून सांगितलं. साहेबांना सांगण्यापेक्षा ते सोपं गेलं.

“मंग पोरीची बी सही घ्या की,” त्या म्हणाल्या.

तसं लिहून घेतलं. पहिल्या तारखेला मुलगा स्लिप घेऊन आला, मागोमाग बहीण. मी पेन पुढे केलं.

“सही कशाला?” ती म्हणाली. “त्यानं विचारलं. मी नाही म्हणाले.”