‘ना’ मोकळा वाजला
सात-आठ वर्षांच्या मुलांना शिकवताना मी पहिले काही दिवस तबल्याला हातच लावू देत नाही. आधी टाळी. तीनतालाच्या १६ मात्रा. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्या मात्रेला खाली. मुलं तोंडाने बोल म्हणतात, हाताने ताल धरतात. लय अंगात मुरली की बोटांचं काम निम्मं होतं.

मग येतो तबल्याचा बोल ‘ना’. अनामिका शाईच्या, म्हणजे मधल्या काळ्या गोलाच्या, कडेला अलगद टेकलेली आणि तर्जनीचा आघात चाटेवर, म्हणजे तबल्याच्या किनारीवर. आज एका चिमुरडीचा ‘ना’ पहिल्यांदाच खणखणीत वाजला. आजवर तिची अनामिका घट्ट दाबली जायची आणि नाद कोंडायचा. आज बोट सैल पडलं. तिने चमकून माझ्याकडे पाहिलं आणि लगेच पुन्हा वाजवून पाहिलं. फरक तिच्या कानाला कळला, हेच खरं शिक्षण.

संगीताचं शिक्षण सर्वांपर्यंत पोहोचावं म्हणून गायक विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि सर्वसामान्य घरांतल्या मुलांना संगीताची वाट मोकळी करून दिली. त्याच परंपरेतल्या परीक्षा आज गावोगावी होतात. त्या असाव्यात, अभ्यासाला शिस्त लागते. पण ‘प्रारंभिक’ या पहिल्या परीक्षेला कधी बसवणार, असं पालक पहिल्याच आठवड्यात विचारतात, तेव्हा जीव कळवळतो. हात बसायला वेळ लागतो.

पालकांनो, एवढंच करा: रोज पंधरा मिनिटं मोबाइल बाजूला ठेवून मुलाजवळ बसा, त्याचं वाजवणं मनापासून ऐका. घाई मात्र करू नका.