भाकरीवर मारलेली फुली

डाएटच्या तक्त्यात ‘भाकरी’पुढे लाल पेनाने फुली मारली होती. ती आठवली की अजून डोकं फिरतं. बारामतीतल्या डाएटवाल्या बाईंकडून चांगले पैसे मोजून तो कागद आणला होता. नाश्त्याला ब्राउन ब्रेडचे दोन स्लाइस आणि बिनसाखरेचा चहा, जेवणात एक चपाती, भाकरी बंद. का, असं विचारलं तर “मॅडम, भाकरी जड असते,” एवढंच उत्तर.

वजन वाढलेलं. बाकी माझं नेहमीचंच. दोन बाळंतपणं, बँकेतली बैठी नोकरी, बारामती-इंदापूर रोजची एसटी, कुरकुरणारे गुडघे. डॉक्टर दीक्षितांचं दिवसातून दोनदाच जेवायचं डाएट आमच्या सगळ्या शाखेने धरलं तेव्हा मीही धरलं, आणि सगळ्यांबरोबरच सोडलं.

आमच्याकडे ब्रेड म्हणजे आजाऱ्याचं खाणं. ताप आला की दूध-ब्रेड. मी सकाळी स्लाइस भाजायला घेतले तशी आत्यांनी, म्हणजे सासूबाईंनी, कपाळाला हात लावून पाहिला. मामा, म्हणजे सासरे, म्हणाले, “पैसं देऊन उपाशी राहायचं, ही कुठली तऱ्हा?”

उपाशी तर राहतच होते. एसटीत भवानीनगर मागे पडेपर्यंत पोटात कावळे ओरडायला लागायचे. अशीच एकदा पिशवीतलं ब्रेडचं पाकीट काढून वाचत बसले. समोर मोठ्या अक्षरांत ‘ब्राउन’, गव्हाच्या ओंब्यांचं चित्र. मागे बारीक अक्षरांत घटक. ज्याचं वजन जास्त त्याचं नाव आधी छापायचं, असा नियम आहे. पहिलं नाव मैद्याचं. आटा त्याच्यामागे. मग साखर, तेल आणि शेवटी रंग, १५०ए. १५०ए म्हणजे कॅरामल, साखर तापवून केलेला तपकिरी रंग. खिडकीबाहेर दोन्ही बाजूंना ऊस उभा, आणि मी जळक्या साखरेचा रंग लावलेला मैदा तब्येतीसाठी विकत घेऊन खातेय! पांढऱ्या ब्रेडपेक्षा जास्त पैसे देऊन!

तक्ता देणाऱ्या बाईंना ते पाकीट नेऊन दाखवलं. त्यांनी उलटून पाहिलंसुद्धा नाही. “सगळे तोच खातात.” सगळे म्हणजे कोण? पुण्याच्या मॉलमध्ये हल्ली ज्वारीची बिस्किटं चकचकीत डब्यांत मिळतात. २०२३ साल तर संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं केलं. आणि ज्वारीच्या मुलखात, सोलापूरच्या वेशीवर, भाकरीवर फुली! आमच्या रानाला नीरा डाव्या कालव्याचं पाणी, त्यामुळे सगळा ऊस. मालदांडी ज्वारी आम्ही विकत आणतो, वर्षाची एकदम भरून ठेवतो. ते पोतं घरात असताना मी दुकानात ब्रेड मागायचा.

रागाच्या भरात हिशेबच मांडायला बसले. शंभर ग्रॅम ज्वारीत साधारण ३३० कॅलरी आणि दहा ग्रॅम तंतू. ब्रेडचा स्लाइस सत्तर-पंचाहत्तर कॅलरींचा. आत्यांच्या भाकरीचं पीठ काट्यावर ठेवलं तर जवळपास शंभर ग्रॅम भरलं. म्हणजे एक भाकरी चार स्लाइसपेक्षा जास्त. हिशेब बाईंच्या बाजूने निघाला. घरात कुणाला सांगितलं नाही.

शिवाय वजन उतरत होतं, तेही खरं. मैद्यात काही गुण आहे म्हणून नव्हे. ब्रेडला आग्रह नसतो. “अजून चतकोर घे, वर तुपाची धार घे,” असं स्लाइस हातात घेऊन कुणी म्हणत नाही. सगळ्यांची जेवणं झाल्यावर दुरडीत उरलेली दीड भाकरी, पातेल्याच्या बुडाची आमटी, पोराने टाकलेला भात, हे वाया जाऊ नये म्हणून कुणाच्या पोटात जातं? “मला डाएटवाल्यांनी मना केलंय” म्हटल्यावर त्यातून सुटका झाली. नुसतं “भूक नाही” म्हणून ती कधी झाली नव्हती. उरलेली भाकरी सकाळी कुस्करून मामांच्या आणि ह्यांच्याही ताटात जायला लागली. कुणाचं काही बिघडलं नाही.

वय, उंची, वजन, थायरॉइड, झोप, सगळं त्या बाईंनी लिहून घेतलं होतं. घरात शेवटी कोण जेवतं, हे विचारलं नाही. विचारलं असतं तर निम्म्या बायकांना ब्रेड लागला नसता, असं माझं मत आहे.

ब्रेड घ्यायचाच असेल तर पाकीट उलटून बघा. पहिलं नाव मैद्याचं असेल तर सरळ पांढरा घ्या, चार पैसे तरी वाचतील. मी आता एक वेळ भाकरी खाते, पीठ मोजून. आत्यांना त्या काट्याचा राग आहे, “भाकरी काय सोनं आहे तोलायला?” नाश्त्याला ब्रेड मात्र चालूच आहे. सकाळची एसटी गाठायची तर चुलीपुढे बसायला वेळ कुणाला? आणि पहिल्यांदा जेवायला मी अजून बसत नाही. आत्या बसत नाहीत, मग मी कशी बसू?