आडनाव कोणी विचारलेच नाही

परदेशी जाणे म्हटले की आपल्या वस्तीत अजून दोनच अर्थ निघतात. कोणी आखातात नोकरीला गेला, नाहीतर कोणाचा मुलगा शिकायला गेला. नुसता देश बघायला, तोही पाठीवर सॅक टाकून जायचे म्हटल्यावर ऑफिसातले सहकारी हसले. २०२४ च्या नोव्हेंबरात आम्ही तिघे बँकॉकला गेलो. एक शिक्षक, एक वायरमन आणि प्रस्तुत कारकून. तिघेही चाळिशी ओलांडलेले, तिघांचाही पासपोर्ट कोरा. टूर कंपनीचा खर्च झेपणारा नव्हता, आणि कोणाच्या झेंड्यामागे रांगेने फिरायची हौसही नव्हती.

मुंबईहून साडेचार तासांचे उड्डाण आणि घड्याळ दीड तास पुढे. पहाटे उतरलो त्या विमानतळाचे नाव सुवर्णभूमी. अशोकाच्या काळात सोण आणि उत्तर हे दोन थेर सुवर्णभूमीला गेले, असे महावंसात आहे. ती भूमी आमचीच, असे बर्माही म्हणतो आणि थायलंडही. आम्हाला त्या वादात पडायचे नव्हते; फलक वाचताच परकेपणा निम्मा गेला एवढे खरे. भारतीयांना त्या वेळी व्हिसा लागत नव्हता. अधिकाऱ्याने पासपोर्ट चाळला, शिक्का मारला, संपले. ४५ बाथ देऊन गाडीने फया थाई स्टेशन गाठले. बाथ तेव्हा अडीच रुपयांच्या आसपास होता. पुढे बस, आणि मग पायी खाओ सान रस्ता.

खाओ सान म्हणजे तांदूळ. पूर्वी इथे तांदळाचा बाजार भरत असे. १९८० च्या दशकापासून जगभरचे सॅकवाले इथे उतरतात. रात्रभर गाणीबजावणी चालते, ते आमच्या वयाला मानवले नाही. पण खोली स्वस्त आणि स्वच्छ मिळाली.

खोली घेतानाची गोष्ट सांगायलाच हवी. काउंटरवरच्या मुलीने पासपोर्टची झेरॉक्स काढली आणि नाव विचारले. आम्ही सवयीने आडनावासकट सांगितले. तिने पहिले नाव तेवढे उचलले आणि त्याला 'खुन' जोडून हाक मारली. खुन म्हणजे आपल्यासारखे 'राव'. त्या देशात मोठमोठ्या माणसांनाही पहिल्या नावानेच ओळखतात. आडनाव तिकडे जुने नाहीच. राजा वजिरावुध याने १९१३ साली कायदा करून ते सक्तीचे केले. तोवर सामान्य माणसाचे त्यावाचून काही अडत नव्हते.

आमचे मात्र आडनावापाशीच अडत आले आहे. २०१० साली एका तालुक्याच्या गावी बदली झाली, तेव्हा भाड्याची खोली शोधत हिंडलो. "पूर्ण नाव काय?" असे विचारायचे, आणि सांगितले की खोली कालच गेलेली असायची. सहा घरे झाली. सातवे मिळाले ते आपल्याच माणसाचे. म्हणून त्या मुलीने किल्ली पुढे केली तेव्हा वायरमन मित्र हळूच म्हणाला, "दादा, एवढंच विचारलं?"

तरी हुरळून जाण्याचे कारण नाही. समोरच्याचा मान किती, त्यावर हात किती उंच जोडायचे ते तिथे ठरते. दुकाने गोरे करणाऱ्या क्रीमने भरलेली. आणि भर चौकात, एरावण हॉटेलशी, चार तोंडांचा ब्रह्मदेव! त्याची स्थापना ९ नोव्हेंबर १९५६ ची, म्हणजे नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर महिनाही झाला नव्हता. बौद्ध माणसे त्याला हार घालत होती. आम्हाला बावीस प्रतिज्ञांतली पहिलीच आठवली. पाहुणे म्हणून गप्प राहिलो.

भिंतीवरच्या कॅलेंडरात साल होते २५६७. शिक्षक मित्राने लगेच हिशोब मांडला. आपल्याकडे २५०० वी बुद्ध जयंती १९५६ साली झाली, त्यांच्याकडे १९५७ साली. त्यांची गणना एका वर्षाने मागे आहे.

संध्याकाळी जवळच्या वाट चना सोंगक्राम या विहारात गेलो. त्यातले सोंगक्राम म्हणजे आपले संग्राम. भिक्खूंची पाली वंदना चालू होती. उच्चार निराळे, चाल निराळी, पण त्रिसरण आले तसे आमचे ओठ आपोआप हलू लागले. शेजारच्या आजीबाईंनी वळून पाहिले आणि सरकून सतरंजीवर जागा केली. नंतर नातीच्या मोडक्या इंग्रजीतून चौकशी झाली. इंडियाचे म्हटल्यावर आजींनी हात जोडले. बोधगयेला जायचे म्हणून त्या पैसे साठवत होत्या. खर्च किती येतो, म्हाताऱ्या बाईला एकटीने जमेल का, पाणी कसे असते, सगळे विचारून घेतले. मग म्हणाल्या, "बुद्धांच्या देशात आता बुद्धांना मानणारे किती उरलेत?"

शिक्षक मित्राने १४ ऑक्टोबर १९५६ ची हकीकत सांगितली. एका दिवसात लाखो माणसे, ही गोष्ट नातीला खरी वाटेना. तेव्हा त्याने पाकिटातला बाबासाहेबांचा फोटो काढला. आजींनी तो दोन्ही हातांत घेऊन बराच वेळ पाहिला. नातीने मोबाइलमध्ये त्याचा फोटो घेतला आणि खाली नाव काय लिहू म्हणून विचारले. मित्राने तिच्या वहीत रोमन अक्षरांत सावकाश लिहून दिले.